मी आधीच आत आहे म्हणे

त्या शुक्रवारी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो, आणि तरीही तो माझ्यापासून वीतभर अंतरावर उभा होता.

एरवी मी असलं काही खपवून घेत नाही. नऊ मजल्यांच्या त्या इमारतीत बावीस कंपन्या, चौदाशे माणसं, आणि त्या सगळ्यांना आत यायची कार्डं देणारी मी एकटी. तळमजल्यावर जिन्याखाली एक खिडकी आहे, खिडकीमागे मी. नवं कार्ड, हरवलेलं कार्ड, धुण्यात गेलेलं कार्ड, कुत्र्याने चावलेलं कार्ड, सगळं माझ्याकडे येतं. लोक मला कार्डताई म्हणतात. खिडकीबाहेर लाल शाईत मीच लिहिलेली पाटी आहे : 'आपले कार्ड पाकिटात ठेवावे. अनोळखी व्यक्तीपासून हातभर अंतर राखावे.'

आणि हा वीतभर अंतरावर.

बाहेर सकाळपासून रिपरिप चालली होती. त्याच्या खांद्यांवर थेंब होते. बॅग पाठीवर घ्यायची सोडून त्याने पोटाशी धरली होती, झोपलेलं बाळ धरावं तशी. उंची बरी. नाक जरा जास्तच. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग वर मजल्यांच्या आकड्यांकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"तुम्हाला चौथा की पाचवा?"

"मला तळमजला," मी म्हणाले. "लिफ्ट खाली चाललीये."

"हो... तेच म्हणतो मी," तो म्हणाला आणि हसला. चूक पकडली गेल्यावर माणसं हसतात ना, तसं. पण ओशाळून नाही. उलट बरं झालं सापडलो, असं.

आमच्या लिफ्टला सातव्यापासून तळापर्यंत यायला एकोणीस सेकंद लागतात. मी मोजलेत, कामाचा भाग म्हणून. त्या एकोणीस सेकंदांत मी त्याला पाटीवरचं वाक्य ऐकवायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणाले, "पावसाने आज अगदी कंटाळा आणलाय, नाही?" मला पावसाचा कधीच कंटाळा येत नाही.

दार उघडलं. तो बाजूला झाला, मला आधी जाऊ दिलं. संपलं.

म्हणजे, संपायला हवं होतं.

माझं वय तेव्हा चौतीस. घरात लग्नाचा विषय निघायचा थांबून तीन वर्षं झाली होती, आणि त्या शांततेची मला सवय झाली होती. खोलीतला पंखा बंद पडल्यावर होते तशी. त्यामुळे शनिवारी मी भाजीत दोनदा मीठ घातलं तेव्हा आई काही बोलली नाही, नुसती ताटावरून माझ्याकडे बघत राहिली. बाबांचं घराखालीच कुलपांचं दुकान आहे. ते जेवायला वर आले, एक घास घेतला आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"ऑफिसात काही बिघडलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. का?"

"नाही, मला वाटलं तुझी ती कार्डं... मी सांगतोच आहे. किल्लीची नक्कल करायला मला निदान मूळ किल्ली हातात घ्यावी लागते. तुझ्या कार्डाला तर चोर लांबूनच नमस्कार करून नक्कल नेईल."

"तसं होत नाही हो, बाबा."

"बरं," बाबा म्हणाले. बाबांचं 'बरं' म्हणजे विषय त्यांच्या बाजूने मिटला.

लिफ्टमधल्या अनोळखी माणसाच्या नाकाचा दोन दिवस विचार करणाऱ्या बाईला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. मी ते म्हणवून घ्यायला तयार होते.

सोमवारी मी ठेवणीतले निळे कपडे घातले. सकाळी आठ बावन्नला, म्हणजे माझ्या रोजच्या वेळेला, गेटवर कार्ड टेकवलं. लाल दिवा. पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल, आणि वरच्या पडद्यावर अक्षरं उमटली : 'ही व्यक्ती आत आहे.'

गेटवर मामा बसतात. साठी जवळ आलेले, मिशा इस्त्री केल्यासारख्या. अख्खी इमारत त्यांना मामाच म्हणते.

"मामा, गेट उघडा."

"ताई, तुम्ही आत आहात."

"मी तुमच्यासमोर उभी आहे."

"ते दिसतंय मला. पण आठ छत्तीसला तुम्ही आत गेलात, असं मशीन म्हणतंय."

"मशीन चुकलं असेल."

मामांनी टेबलाच्या खणातून प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद काढला. तो मीच दिला होता त्यांना. दोन वर्षांपूर्वी पाचव्या मजल्यावरची मंडळी आत गेली की स्वतःचं कार्ड काचेवरून बाहेरच्या मित्राकडे फेकायची. तेव्हा मी नियम क्रमांक सहा लिहिला होता. मामांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. "आत गेलेली व्यक्ती बाहेर पडल्याची नोंद झाल्याशिवाय तिला पुन्हा आत घेऊ नये. सबब ऐकू नये."

'सबब ऐकू नये' हे शब्द मला तेव्हा फार आवडले होते.

"बरं, मग पाहुण्यांचा पास द्या मला."

"पास तुम्ही देता, ताई."

"मग देते की."

"पण त्यासाठी आत जावं लागेल. आणि आत तर तुम्ही आहातच." मामांना माझी खरंच काळजी वाटत होती, हे सर्वांत वाईट. "तुम्हाला बरं नाही का? घरी सोडू का कुणाला सांगून?"

मागे रांग वाढत होती. कुणीतरी म्हणालं, "ताईंचं कार्ड धुण्यात गेलं वाटतं," आणि लोक हसले. चौदाशे माणसांना दारात थांबवून ओळखपत्र मागणारी मी, तेवीस मिनिटं तिथे उभी होते. आणि तेवीस मिनिटांनी मी बाहेर आले.

म्हणजे पडद्यावर. हिरवा दिवा लागला, माझा फोटो झळकला, खाली 'बाहेर' अशी नोंद झाली. आणि काचेचं गेट सरकून त्यातून हातात मोठी कुंडी घेतलेला तो बाहेर पडला. लिफ्टमधला. बॅगसकट, नाकासकट.

मामांनी पडद्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई," ते म्हणाले, "आता तुम्ही बाहेर आलात. आता आत जायला हरकत नाही."

खिडकीमागच्या माझ्या खोलीत दोन खुर्च्या मावत नाहीत, म्हणून तो कुंडी मांडीवर घेऊन स्टुलावर बसला आणि त्याने पत्र पुढे केलं. पत्रावर आमच्या व्यवस्थापक साहेबांची सही होती. इमारतीत परक्या माणसाला शिरता येतं का, हे तपासायला साहेबांनी बाहेरून माणूस नेमला होता. तो हा. मला कळवायचं नाही, असं ठरलं होतं, कारण तपासायची ती माझीच कार्डं.

"कुंडी कशाला?"

"कुंडी हातात असली की कुणी अडवत नाही. माणूस झाडाकडे बघतो."

"आणि माझं कार्ड?"

"शुक्रवारी घेतलं." त्याने बॅग उघडून दाखवली. आत शाळेच्या पाटीएवढं सपाट यंत्र होतं. "तुमची कार्डं जुन्या पद्धतीची आहेत. त्यांना विचारलं 'कोण?', की ती आपला नंबर सांगून मोकळी होतात. गेटलाच सांगतील असं नाही, कुणालाही सांगतात. फक्त जवळ जावं लागतं."

"किती जवळ?"

"वीतभर," तो म्हणाला.

त्या वीतभराचा मी दोन दिवस काय काय अर्थ लावला होता. मला एकदम उकडायला लागलं.

"तुमच्या कार्डाला ते लहरी अडवणारं पाकीटही नव्हतं," तो हळूच म्हणाला.

"त्या दिवशी सकाळी फाटलं होतं. आणि तुम्ही मला शिकवू नका."

"नाही शिकवत." तो थांबला. "कार्डं तुम्ही चांगली सांभाळता. मी मागच्या महिन्यात एका ठिकाणी गेलो होतो, तिथे कार्डं टोपलीत ठेवलेली असतात, ज्याला लागेल त्याने घ्यायचं..."

तो बराच वेळ बोलत होता. मी ऐकत नव्हते. मला एकच विचारायचं होतं, ते तोंडातून निघत नव्हतं : तो हसला होता ना, ते कार्डासाठी की... पण असं विचारणार कसं? कामावर असलेल्या माणसाला कामाचं हसू आणि बिनकामाचं हसू वेगळं करून मागायचं?

दुपारी साहेबांनी बोलावलं. साहेब तसे दुष्ट नाहीत. त्यांना फक्त प्रत्येक गोष्टीखाली कुणाचं तरी नाव लिहिलेलं लागतं.

"ताई, ज्यांचं स्वतःचंच कार्ड चोरीला गेलं, त्यांच्या हाती चौदाशे कार्डं कशी ठेवायची? पंधरा दिवसांनी अहवाल समितीपुढे जाणार. खिडकी बंद करून हे काम बाहेरच्या एजन्सीला द्यावं, असं माझं मत आहे. तुमचा खुलासा लेखी द्या."

"साहेब, नवी कार्डं घ्या म्हणून मी तीनदा पत्र दिलंय."

"तो वेगळा विषय झाला."

मी खुलासा लिहिला. 'सदर वेळी लिफ्टमध्ये गर्दी असल्याने अंतर राखणे शक्य झाले नाही.' सही केली, दिला. अकरा वर्षांच्या नोकरीतलं माझं पहिलं खोटं. तेही टाइप करून.

तपास अजून चालणार होता, आणि माझ्या कार्डाची नक्कल त्याने आता परत केली होती. त्यामुळे त्याला रोज सकाळी माझ्या खिडकीवर येऊन पाहुण्याचा पास घ्यावा लागे. पास एका दिवसाचा असतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं.

"नाव?" मी विचारायचे.

"कालचंच."

"कालचं काल संपलं. नाव?"

तो निमूट सांगायचा. तिसऱ्या दिवशी मी त्याला म्हणाले, "नव्या पद्धतीची कार्डं वेगळं काय करतात, ते सांगा. सोप्या भाषेत. मला समितीला सांगायचंय."

त्याने कोपर खिडकीच्या फळीवर टेकलं. "त्यांच्या पोटात एक गुपित असतं, ते ती कधीच बाहेर सांगत नाहीत. दार दरवेळी नवा प्रश्न विचारतं. कार्ड त्या गुपितावरून उत्तर काढतं. कुणी चोरून ऐकलं तरी उपयोग नाही. उद्याचा प्रश्न वेगळा, उत्तरही वेगळं."

"अस्सं," मी म्हणाले. "मग आजपासून तुमच्या पासाची पद्धत बदलली."

"म्हणजे?"

"रोज नवा प्रश्न. उत्तर पटलं तर पास. आजचा प्रश्न : शुक्रवारी लिफ्टमध्ये माझ्या केसांत काय होतं?"

मला वाटलं, अडकेल. त्याने विचारही केला नाही. "पेन्सिल. दोन पेन्सिली. पहिली कुठे गेली ते आठवेना म्हणून तुम्ही दुसरी घेतली असणार."

मी हात वर नेला. आजही दोन होत्या.

"पटलं का?" त्याने विचारलं.

मी पास दिला, पण ते काही मला पटलं नव्हतं. असली बारीक नजर तर त्याचा धंदाच. मामांचा डावा बूट उजव्यापेक्षा जास्त झिजलाय, हेसुद्धा तो मला सांगून गेला होता, आणि मामांवर काही त्याचं मन जडलेलं नसणार.

दुसऱ्या दिवशी विचारलं, आजवरचं सर्वांत वाईट सोंग कोणतं. "पाण्याच्या मशीनचा मेकॅनिक. त्यांनी खरंच मशीन दुरुस्त करायला लावलं, आणि मला ते आलं नाही." त्याच्या पुढच्या दिवशी विचारलं, घरी कोण असतं. "आई. आणि तिचा रेडिओ. दोघी दिवसभर एकमेकींशी भांडतात." मग विचारलं, इमारतीतले सगळे मला ताई म्हणतात, तुम्ही एकटेच म्हणत नाही, ते का.

त्यावर तो फळीवरच्या शिक्क्याशी खेळत बसला. मागचा माणूस खाकरला.

"या प्रश्नाचं उत्तर पाससाठी आवश्यक आहे का?"

"नियम आहे."

"मग आज मी पासाशिवायच काम करतो," तो म्हणाला आणि खरोखर बाहेर जाऊन दिवसभर गाड्यांच्या फाटकाची तपासणी करत उन्हात उभा राहिला. मी खिडकीतून एकदाच पाहिलं. फार तर पाचदा.

अहवालाच्या चार दिवस आधी तो माझा खुलासा हातात घेऊन आला. साहेबांनी त्याच्याकडे दिला होता, अहवालाला जोडायला.

"गर्दी नव्हती," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"अहवालात मी कुणाचं नाव लिहीत नाही कधी. पण लिफ्टमध्ये कॅमेरा आहे. समितीने चित्रण मागितलं तर दोघंच दिसू."

"मग तुम्ही काय सांगाल?"

"खोटं नाही सांगणार." त्याचा आवाज उतरला. "आणि खरं सांगितलं तर तुमची खिडकी जाईल. मला दोन दिवस झोप नाही."

तो माणूस पहिल्यांदाच मला सोंगाशिवाय दिसला. मग बाबा आठवले. दुकानात कुणी छाती काढून सांगितलं, की माझं कुलूप कुणाला उघडणार नाही, तर बाबा वाद घालत नाहीत. कुलूप उघडून त्याच्या हातात देतात.

"तुमच्या पत्रात नेमकं काय लिहिलंय?" मी विचारलं.

त्याने वाचलं. "'इमारतीतील कोणतेही कार्ड तपासण्याचा अधिकार तपासनीस व त्यांचे सहाय्यक यांना देण्यात येत आहे.'"

"सहाय्यक नेमायला काय लागतं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. लिफ्टमधलं हसू, तसंच्या तसं.

साहेब अकरा पानी कागदाच्या प्रत्येक पानावर सही करतात, आणि त्यांचं कार्ड गळ्यात असतं, टेबलावर लोंबत. मी सामानाच्या यादीची फाइल घेतली, तिच्याखाली ते यंत्र धरलं आणि साहेबांच्या खुर्चीशेजारी जाऊन वाकले.

"कार्डाची नोंद झाली की यंत्र हातात थरथरतं," त्याने सांगून ठेवलं होतं. किती वेळाने, ते मी विचारलं नव्हतं. निदान पाच-सात पानं तरी उलटावी लागतील अशा हिशेबाने मी वाकले होते. साहेबांनी पहिल्या पानावर सही केली, पान उलटलं... आणि यंत्र थरथरलं.

तीन सेकंद. फार तर साडेतीन.

मी तशीच वाकून उभी राहिले. साहेब सह्या करत होते आणि मी मनात वजाबाकी करत होते. एकोणीस वजा तीन. म्हणजे काम उरकल्यावरही तो सोळा सेकंद माझ्याशेजारी वीतभर अंतरावर उभा होता. त्याला बाजूला सरकायला अख्खी लिफ्ट मोकळी होती.

"ताई," साहेब म्हणाले, "अकरावं पान झालं. तुमची तब्येत बरी आहे ना? चेहरा लाल दिसतोय."

"हो साहेब," मी म्हणाले. "जिना चढून आले."

"तुमची खोली जिन्याखाली आहे. एकच मजला."

"हो साहेब."

समितीची बैठक साहेबांच्या केबिनसमोरच्या खोलीत भरली. बावीस कंपन्यांतर्फे पाच जण, मध्यभागी अध्यक्षबाई. सत्तरीच्या, कानात यंत्र, आणि कंटाळा आला की ते बंद करून ठेवायची त्यांची ख्याती. साहेबांनी अहवाल मांडला, माझा खुलासा वाचला, एजन्सीचा मुद्दा काढला. तो भिंतीशी उभा होता, बॅग पोटाशी धरून.

"तुम्हाला काही सांगायचंय?" अध्यक्षबाईंनी मला विचारलं.

"खुलाशात एक चूक आहे," मी म्हणाले. "लिफ्टमध्ये गर्दी नव्हती. आम्ही दोघंच होतो. हे माझ्याजवळ उभे राहिले आणि मी त्यांना लांब व्हा म्हटलं नाही, कारण..." खोलीत पंख्याचा आवाज फार येत होता. "कारण मला ते बरं वाटलं."

अध्यक्षबाईंनी कानातलं यंत्र नीट केलं. "काय वाटलं?"

"बरं वाटलं," मी जरा मोठ्याने म्हणाले.

भिंतीकडे मी बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

"झालं तर," साहेब म्हणाले. "याला निष्काळजीपणा म्हणतात. आता माझं उदाहरण घ्या. माझं कार्ड कायम गळ्यात असतं. परक्याला मी जवळ फिरकू देत नाही. माझ्या कार्डाची नक्कल होणं शक्य नाही."

मी पर्समधून एक कोरं पांढरं कार्ड काढलं, समोर गेले आणि साहेबांच्या केबिनच्या दाराला टेकवलं. हिरवा दिवा. दार उघडलं.

आत, टेबलामागे, घडीचा पलंग मांडलेला होता. त्यावर उशी, आणि उशीवर फुलाफुलांचा अभ्रा.

समितीच्या पाचही माना दाराकडे वळल्या.

"कार्ड चोरीला जायला कुणी आवडावं लागत नाही," मी म्हणाले. "साहेबांना मी मुळीच आवडत नाही, तरी त्यांचं गेलं. परवा, सामानाच्या यादीवर सह्या करताना. माझ्या जागी एजन्सीचा माणूस बसवा, ही कार्डं त्यालाही असाच दगा देतील. मी नवी मागितली होती तीनदा. पत्रांच्या प्रती आणल्यात."

अध्यक्षबाई उशीकडे बघत होत्या. "अभ्रा छान आहे," त्या म्हणाल्या. मग साहेबांकडे वळल्या. "नवी कार्डं घ्या. आणि खिडकी आहे तशीच राहू दे. या बाईंनी खरं सांगितलंय, तेही पाच जणांसमोर. तेवढं मला पुरे."

बैठक उठली. मी कागद आवरून वर पाहिलं, तर भिंतीशी कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही नव्हतं. त्याचं काम संपलं होतं, पासाची गरज उरली नव्हती. तीन आठवडे गेले. मी पाच जणांसमोर जे बोलले होते ते अख्ख्या इमारतीला तोंडपाठ झालं होतं, मामांनी मला दोनदा बिनकामाचा चहा पाजला, आणि ज्याला ऐकवायचं होतं तो ऐकून निघून गेला होता. सोळा सेकंदांना दुसरंही काही कारण असू शकतं, असं मी स्वतःला समजावू लागले. पाय दुखत असतील. काही लोक लिफ्टमध्ये हलत नाहीत.

आई भाजी चाखून म्हणाली, "आता मीठच नाही." मी म्हटलं, "असू दे." ती उठून माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली. विचारलं काही नाही.

मग नवी कार्डं आली. चौदाशे माणसं, प्रत्येकाचा नवा फोटो, प्रत्येकाची सही. पहिल्याच दिवशी रांग खिडकीपासून गेटपर्यंत गेली. साडेदहाच्या सुमाराला मान वर केली तर रांगेत, एकविसाव्या जागी, मला ते नाक दिसलं. बॅग नव्हती. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

पुढच्या वीस जणांपैकी तिघांचे फोटो मी डोळे मिटलेले काढले.

तो खिडकीशी आला.

"नाव?" मी विचारलं.

त्याने सांगितलं.

"कंपनी?"

"या इमारतीत नाही."

"मग तुम्हाला कार्ड मिळणार नाही."

"कार्ड नकोय."

"ही कार्डांची रांग आहे."

"माहितीये. पण तुमच्यापर्यंत यायला दुसरी रांग नव्हती."

मागे चौथ्या मजल्यावरचे हिशेबनीस होते. ते म्हणाले, "ताई, जरा आवरा की."

"तीन आठवडे," मी म्हणाले. खिडकीतला आवाज ठेवायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"अहवालावर शेवटची सही होईपर्यंत त्या जागेतल्या कुणाशी कामाबाहेरचं बोलायचं नाही, असं आमच्यात आहे. बोललो असतो तर म्हणाले असते, तिला वाचवायला अहवाल लिहिला. सही आज झाली. सकाळी नऊ चाळीसला. तिथून धावत आलो, आणि मग... रांग."

"इथे काय काम आहे तुमचं?"

हा माणूस. कुंडीवाला झालेला, मेकॅनिक झालेला, प्रत्येक दारासाठी एक गोष्ट खिशात घेऊन फिरणारा. त्याने तोंड उघडलं, मिटलं. कान लाल झाले.

"मला... थांबा. पुन्हा सुरुवात करतो." त्याने फळीची कड घट्ट धरली. "तुम्ही सकाळी आठ बावन्नला येता. दीडला जिन्याशी डबा खाता. सहा पाचला बाहेर पडता. हे मला नोंदींवरून कळलं, कामासाठी. पण सहा पाचनंतर तुम्ही कुठे जाता, कशावर हसता, रविवारी काय करता, ते कुठल्याच नोंदीत नाही. आणि मी तीन आठवडे तेवढाच विचार करतोय. म्हणून... ताई म्हणवत नव्हतं मला. त्या दिवशीचं उत्तर."

मग मागून हिशेबनीस म्हणाले, "ताई, आम्हाला काही घाई नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि हसूही येत होतं. मी दोन्ही आवरलं, बेताबेताने.

"सहा पाचला गेटबाहेर पडून डावीकडे वळलं, की बसथांबा चार मिनिटांवर आहे," मी म्हणाले. "उजवीकडून तळ्याला वळसा घालून गेलं, तर चाळीस मिनिटं लागतात."

"तुम्ही रोज कुठून जाता?"

"डावीकडून. एकटीने तळ्यावर काय करायचं?"

"आणि आज?"

"तू सहा पाचला ये," मी म्हणाले, "मग बघू." त्या 'तू'ने आम्ही दोघंही दचकलो. "आता बाजूला हो. रांग आहे."

तो बाजूला झाला. पण गेला नाही; खांबाशी उभा राहून माझ्याकडे बघत हसत राहिला, आणि मी हिशेबनिसांचा फोटो काढायला कॅमेरा उचलला.

त्या फोटोत हिशेबनीस कॅमेऱ्याकडे बघतच नाहीयेत. मान डावीकडे, खांबाच्या दिशेला, आणि तोंडभर हसू. ओळखपत्राला असा फोटो चालत नाही, नियमाने मी तो बदलून द्यायला हवा. दोनदा बोलावलं त्यांना. ते म्हणतात, राहू दे, कार्डताई, माझा इतका चांगला फोटो आजवर कुणी काढलेला नाही.